७५ सेकंदांची कमाई, ४५ सेकंदांची परतफेड : बर्लिन २०२२ मधील किपचोगेच्या पेसचा अभ्यास

२५ सप्टेंबर २०२२ रोजी केनियाच्या एलियुड किपचोगेने बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजाखालून पुढे येत मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा घड्याळात २ तास १ मिनिट ९ सेकंद झाले होते. याच शहरात २०१८ साली त्याने स्वतः केलेला २:०१:३९ चा विश्वविक्रम ३० सेकंदांनी मागे पडला. वय ३७, खात्यावर ऑलिंपिकची दोन मॅरेथॉन सुवर्णपदके, आणि त्यावर हा विक्रम. त्या दिवशी जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. तरीही पेस, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला लागणारा वेळ आणि त्यामागे खर्ची पडणारी शक्ती यांची आखणी, हा ज्यांच्या आस्थेचा विषय आहे त्यांच्यासाठी ही शर्यत दुसऱ्याच कारणाने मोलाची आहे. ज्याच्या शिस्तीचे दाखले प्रशिक्षक देतात, त्या धावपटूने या दिवशी आपलीच योजना पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सोडून दिली, त्याची किंमत मोजली आणि किंमत मोजूनही विक्रम केला. एवढ्या स्वच्छ आकड्यांत उतरलेले दुसरे प्रकरण क्वचितच सापडते.

शर्यतीचे दोन अर्धे असे होते : पहिला ५९ मिनिटे ५१ सेकंद, दुसरा ६१ मिनिटे १८ सेकंद. फरक ८७ सेकंदांचा. २०१८ मध्ये त्याच्या उलट घडले होते. पहिला अर्धा ६१:०६ आणि दुसरा ६०:३३, म्हणजे दुसरा अर्धा ३३ सेकंदांनी जलद. दोन्ही शर्यती शेजारी ठेवल्या की हिशेब लख्ख दिसतो. २०२२ मध्ये त्याने पहिल्या अर्ध्यात जुन्या स्वतःपेक्षा ७५ सेकंद कमावले आणि दुसऱ्या अर्ध्यात ४५ सेकंद परत दिले. हाती उरले ते ३०, आणि तोच नवा विक्रम.

योजना काय होती

शर्यतीनंतर किपचोगेने स्वतः सांगितले की अर्धा टप्पा ६० मिनिटे ४० ते ५० सेकंदांच्या दरम्यान गाठायचा बेत होता. पाय फार जलद चालत होते, म्हणून दोन तासांचाच प्रयत्न करून पाहावा असे त्याच्या मनात आले. या ६०:५० कडे थोडे थांबून पाहावे. २:०१:३९ चा बरोबर अर्धा भाग ६० मिनिटे ४९.५ सेकंद होतो. म्हणजे बेत अगदी साधा आणि शहाणपणाचा होता : अर्ध्यापर्यंत जुन्या विक्रमाच्या बरोबरीने किंवा त्याहून काकणभर पुढे धावायचे, आणि विक्रम मोडायचा तो उत्तरार्धात. २०१८ मध्ये जे जमले होते तेच थोड्या वरच्या पट्टीत करायचे होते.

या बेतानुसार प्रत्येक किलोमीटर २ मिनिटे ५३ सेकंदांत आणि पाच किलोमीटरचा प्रत्येक टप्पा साधारण १४:२५ मध्ये व्हायला हवा होता. प्रत्यक्षात पहिला टप्पा १४:१४ मध्ये झाला. दुसरा १४:०९, तिसरा १४:१०, चौथा १४:१२. दहा किलोमीटर २८:२३ मध्ये पार पडले तेव्हा तो बेतापेक्षा २७ सेकंद पुढे होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण या शर्यतीची चर्चा बहुधा अर्ध्या टप्प्यावरच्या ५९:५१ या आकड्यापासून सुरू होते, जणू निर्णय तिथे झाला. अर्ध्या टप्प्यावर फक्त त्याचा हिशेब दिसला. निर्णय झाला तो पहिल्या पाच-दहा किलोमीटरमध्ये, आणि तोही नवे काही करण्याचा नव्हे, तर वेग कमी न करण्याचा.

५९:५१ म्हणजे किती, याचा अंदाज आपल्याकडच्या एका आकड्यावरून येईल. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत अर्ध मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला होता. ती स्वतंत्र शर्यत होती. २१ किलोमीटर संपले की थांबायचे होते. किपचोगे त्याहून ३९ सेकंद आधी तिथे पोहोचला आणि त्याच्यापुढे तेवढेच अंतर बाकी होते.

स्प्लिट वाचताना

पुढचे स्प्लिट, म्हणजे एकेका टप्प्याला लागलेल्या वेळा, असे : २० ते २५ किलोमीटर १४:२३, २५ ते ३० किलोमीटर १४:३२, ३० ते ३५ किलोमीटर १४:३०, ३५ ते ४० किलोमीटर १४:४३, आणि शेवटचे २.१९५ किलोमीटर ६:१६.

दोन तासांच्या काल्पनिक धावपटूशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. तो धावपटू प्रत्येक पाच किलोमीटर सुमारे १४:१३ मध्ये कापेल. वीस किलोमीटरवर किपचोगे त्याच्यापुढे सात-आठ सेकंद होता, अर्ध्यावर नऊ सेकंद. पंचविसाव्या किलोमीटरला तो दोन सेकंदांनी मागे पडला; तिसाव्याला २१, पस्तिसाव्याला ३८, चाळिसाव्याला ६७ सेकंद. जुन्या विक्रमाच्या बाजूने पाहिले तर अर्ध्यावर त्याच्याजवळ ५८ सेकंदांची शिल्लक होती आणि शेवटी ३० उरली. जवळजवळ निम्मी पुंजी घरी येईपर्यंत खर्च झाली.

या आकड्यांत तीन गोष्टी माझ्या मते नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, घसरण विसाव्या किलोमीटरनंतर लगेच सुरू होते. सामान्य समजूत अशी की मॅरेथॉनमध्ये तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत सगळे ठीक असते आणि मग अचानक भिंत आडवी येते, म्हणजे ताकद एकाएकी संपते. येथे भिंत नाही, उतार आहे; १४:१२ वरून १४:२३, तिथून १४:३२. दुसरी, ३० ते ३५ या टप्प्यात वेग पुन्हा स्थिरावतो, म्हणजे थकलेल्या शरीराने आपल्याला पेलेल असा नवा वेग शोधून तो काही काळ राखला. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. शेवटच्या २.१९५ किलोमीटरचा वेग किलोमीटरला २:५१ च्या थोडा वर होता, अर्थात पुन्हा जवळपास दोन तासांचाच वेग. ३५ ते ४० मध्ये किलोमीटरला २:५६ हून जास्त वेळ घेणारा माणूस शेवटी पाच सेकंदांनी वेग वाढवतो, याचा अर्थ पाय पूर्ण रिकामे झालेले नव्हते. सर्वांत मंद टप्प्यात त्याने काहीतरी राखून ठेवले होते, किंवा अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत शरीराने ते वापरू दिले नव्हते.

हा शेवटचा मुद्दा दीर्घ पल्ल्याच्या खेळांत नेहमीचा आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हान्स-फोल्कहार्ट उल्मर यांनी १९९६ साली अशी मांडणी केली होती की मेंदू शेवटच्या बिंदूचा अंदाज घेऊन तिथपासून मागे हिशेब करतो आणि त्याप्रमाणे श्रमाची मुभा देतो. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी पुढे मेंदूतल्या नियंत्रकाची कल्पना विस्ताराने मांडली. तिच्यावर आजही वाद आहे. नियंत्रक म्हणा वा म्हणू नका, अंतर किती उरले आहे हे कळल्यावर पायांना बळ येते हा अनुभव शर्यत धावलेल्या प्रत्येकाला आहे, आणि बर्लिनच्या त्या ६:१६ मध्ये तो विश्वविक्रमवीरालाही आलेला दिसतो.

दुसरे कारण असू शकेल का

घसरणीचे खापर जलद सुरुवातीवर फोडण्याआधी दुसरे एक कारण तपासले पाहिजे. ताशी २१ किलोमीटर वेगाने धावणाऱ्याला वारा पडलेला असला तरी समोरून तेवढ्याच वेगाने हवा लागते. पेसर म्हणजे वेग धरून पुढे धावणारे साथीदार, ते घड्याळ सांभाळण्याबरोबर ही हवाही अंगावर घेतात. बर्लिनमध्ये शेवटचा पेसर मोझेस कोएच पंचविसाव्या किलोमीटरच्या सुमारास बाजूला झाला आणि पुढचे सतरा किलोमीटर किपचोगे एकटा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानात त्याने १:५९:४०.२ अशी वेळ दिली होती, तेव्हा ४१ पेसर आळीपाळीने त्याच्याभोवती रचना धरून होते आणि पुढच्या मोटारीतून रस्त्यावर प्रकाशरेषा पडत होती. तिथे प्रत्येक किलोमीटर २:४८ ते २:५२ च्या आत राहिला. त्या सोयींमुळेच ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. तेव्हा बर्लिनची घसरण ही एकटेपणाची किंमत आहे, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे.

पण ते स्पष्टीकरण पुरत नाही, याला दोन कारणे आहेत. २० ते २५ किलोमीटरमध्ये पेसर अजून सोबत होता आणि घसरण तिथेच सुरू झाली होती. शिवाय २०१८ मध्ये परिस्थिती अधिक कठीण होती. तीनपैकी दोन पेसर पंधराव्या किलोमीटरच्या आसपासच थांबले आणि तिसरा पंचविसाव्याला, म्हणजे या वेळेइतकाच एकटेपणा, आणि तरीही त्या वर्षी त्याचा दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा जलद झाला. दोन्ही वर्षी रस्ता तोच, थंड सकाळ तशीच. चार वर्षांत वय वाढले, हे खरे. पण ज्याचे वय वाढल्यामुळे शेवट मंद होतो त्याने सुरुवात ७५ सेकंदांनी जलद करावी, हे त्या कारणाशी जुळत नाही. दोन शर्यतींत मोठा म्हणावा असा फरक एकच राहतो, पहिल्या वीस किलोमीटरचा वेग.

सोबत धावलेला आणि त्याच सकाळी धावलेली

इथिओपियाचा अंदामलाक बेलिहू पूर्वार्धात किपचोगेला चिकटून होता. तो काही नवखा नव्हे. दिल्लीची अर्ध मॅरेथॉन त्याने २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ जिंकलेली होती, म्हणजे साठ मिनिटांच्या आत २१ किलोमीटर हे त्याच्यासाठी परिचित काम होते. पंचविसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो मागे पडला आणि २:०६:४० मध्ये चौथा आला. त्याचा दुसरा अर्धा जवळपास ६७ मिनिटांचा झाला. दोघांनीही पूर्वार्धात सारखाच वेग धरला, पण एकाला त्याची किंमत दीड मिनिटाच्या आत पडली आणि दुसऱ्याला सुमारे सात मिनिटे. वेग हा आकडा दोघांसाठी एकच असला तरी श्रम एक नव्हते, आणि पेसचा विचार घड्याळापेक्षा श्रमाच्या अंगाने का करावा लागतो ते इथे दिसते.

त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर इथिओपियाच्याच तिगिस्त असेफाने महिलांची शर्यत २:१५:३७ मध्ये जिंकली. ती मूळची ८०० मीटरची धावपटू. रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच अंतरात उतरलेली. तिचा पहिला अर्धा ६८:१३ आणि दुसरा ६७:२४. बर्लिनच्या जुन्या पुरुष विक्रमांतही हाच साचा दिसतो : २००८ मध्ये हाइले गेब्रसेलासी ६२:०५ आणि ६१:५४, २०१४ मध्ये डेनिस किमेटो ६१:४५ आणि ६१:१२. उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच किंवा किंचित जलद, ही या रस्त्यावरच्या मोठ्या विक्रमांची ओळख झालेली होती, आणि २०१८ चा किपचोगे त्याच परंपरेतला होता. २०२२ चा विक्रम या रांगेत उठून दिसतो.

तीन सेकंद एवढे महाग का पडतात

बेत किलोमीटरला २:५३ चा, धाव २:५० ची. तीन सेकंदांच्या या फरकात वेग दीड टक्क्याच्या थोडा वर वाढतो. एवढ्याने काय बिघडते, असा प्रश्न मला नवे धावपटू विचारतात, आणि तो रास्त आहे, कारण सपाट रस्त्यावर धावताना एक किलोमीटरसाठी लागणारी ऊर्जा वेगानुसार फारशी बदलत नाही. ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी. सायकलस्वाराला वेग वाढवताना हवेच्या विरोधाची शिक्षा झपाट्याने वाढत जाते, धावणाऱ्याला ती त्या प्रमाणात नसते. मग जलद किलोमीटर आणि मंद किलोमीटर यांची सरासरी बरोबर का जमत नाही?

उत्तर ऊर्जेच्या एकूण खर्चात नसून ती कोणत्या कोठारातून येते यात आहे. शरीर धावताना चरबी आणि कर्बोदके दोन्ही जाळते, पण वेग वाढत जातो तसा कर्बोदकांचा वाटा वाढतो. चरबीचे कोठार व्यवहारात अथांग आहे. कर्बोदकांचा साठा, म्हणजे स्नायू आणि यकृत मिळून साठवलेले ग्लायकोजेन, मात्र चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. पन्नास-बावन्न किलोच्या धावपटूला ४२ किलोमीटरसाठी बावीसशेच्या आसपास लागतात. वाटेत बाटलीतून जे पोटात जाते ते धरून हिशेब कसाबसा जुळतो, म्हणून बर्लिनमध्ये किपचोगेला बाटल्या देणारा स्वयंसेवक पेसरइतकाच महत्त्वाचा असतो. प्रत्येक बाटली हाती पडल्यावर आनंदाने नाचणारा तो माणूस २०१८ पासून प्रेक्षकांचा लाडका झालेला आहे, आणि त्याचा आनंद अगदी सकारण आहे.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. प्रत्येक धावपटूचा एक वेग असा असतो की त्याच्याखाली लॅक्टेट (श्रमात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ) आणि श्वास स्थिर राहतात आणि त्याच्यावर गेले की दोन्ही चढत जातात. सामान्य माणूस मॅरेथॉन त्या उंबरठ्याच्या बराच खाली धावतो. विक्रमवीर मात्र त्याच्या अगदी कडेने धावतो. मध्ये काही टक्क्यांचीच फट असते. या फटीतला दीड टक्का पहिल्याच तासात वापरला तर उरते काय? शिवाय ही फट शर्यतभर तेवढीच राहत नाही. तास-दीड तास धावल्यावर स्नायूंची कार्यक्षमता घटते, तोच वेग राखायला जास्त प्राणवायू लागतो आणि उंबरठाच खाली सरकतो. पाचव्या किलोमीटरला उंबरठ्याखाली असलेला वेग पंचविसाव्याला त्याच्यावर असू शकतो, धावणाऱ्याने काहीही बदललेले नसताना.

आणि इथेच या प्रकरणाचे मर्म आहे, असे मला वाटते. पाय फार जलद चालत होते, हे किपचोगेने सांगितले ते अक्षरशः खरे असणार. महिन्यांच्या सरावानंतर विश्रांती घेतलेले शरीर, भरलेले ग्लायकोजेन, थंड हवा, पुढे पेसर, आजूबाजूला गर्दी. अशा वेळी २:५० हा वेग २:५३ सारखाच वाटतो. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये आपल्याला किती हलके वाटते आहे, यावरून तिसाव्या किलोमीटरविषयी काहीच कळत नाही. ती जाणीव खरी असूनही निरुपयोगी असते, कारण ज्या गोष्टींनी पुढे त्रास होणार आहे त्यांची सुरुवातच अजून झालेली नसते. दोन दशके सर्वोच्च पातळीवर धावलेला, पॅट्रिक सांग यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेला माणूस त्या जाणिवेवर विसंबतो, तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्याने तिला किती जपून वागवावे याचा अंदाज येतो.

प्रमाण मात्र विसरू नये. किपचोगेच्या दोन अर्ध्यांचा जो अनुपात होता तो चार तासांत मॅरेथॉन धावणाऱ्याला लावला तर १ तास ५८ मिनिटे ३४ सेकंद आणि २ तास १ मिनिट २६ सेकंद असे अर्धे होतील. आपल्यापैकी कोणी असे धावले तर मित्र त्याला पेसचा आदर्श म्हणतील. बेलिहूचा अनुपात लावला तर साधारण १:५३ आणि २:०७ येतात, आणि हे आकडे आपल्या ओळखीचे आहेत. मुंबई मॅरेथॉनमध्ये पहाटेच्या गारव्यात सी लिंकवर उडत गेलेली मंडळी परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आल्यावर पेडर रोडच्या चढाला चालताना दिसतात, ती सारी याच अनुपाताची असतात. मीही एकेकाळी त्यांत होतो, आणि पूर्वार्धात कमावलेली सहा मिनिटे त्या एका चढावर आणि त्यानंतरच्या मरीन ड्राइव्हवर कशी गेली हे मला आजही पायांत आठवते.

ती चूक होती का

या प्रश्नावर जाणकारांत एकमत नाही, आणि माझे मतही एका शब्दात सांगता येणार नाही. एक बाजू अशी की त्याने ६०:४५ च्या आसपास अर्धा टप्पा गाठला असता आणि २०१८ सारखाच उत्तरार्ध, ६०:३३ चा, धावला असता, तर वेळ २:०१:१८ झाली असती, म्हणजे प्रत्यक्षातल्या वेळेपेक्षा नऊ सेकंद मंद. या हिशेबाने त्याचे धाडस फळले. दुसरी बाजू अशी की ज्या दिवशी त्याचे पाय एवढे चांगले होते त्या दिवशी उत्तरार्ध २०१८ पेक्षा जलद व्हायला हवा होता, आणि त्याने आधी आखलेल्या वेगाने सुरुवात केली असती तर २:०१ च्या खाली जाणे शक्य होते. पहिल्या अर्ध्याने स्नायूंतली शक्ती काढून घेतली, हे त्याने स्वतःच शर्यतीनंतर मान्य केले होते.

मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. माझा पुरावा शेवटचे २.१९५ किलोमीटर आहेत; ज्याच्याजवळ चाळिसाव्या किलोमीटरनंतर २:५१ चा वेग शिल्लक आहे, त्याचे ३५ ते ४० मधले १४:४३ हे क्षमतेच्या मर्यादेपेक्षा आधीच्या उधळपट्टीची परतफेड अधिक दाखवतात. मात्र त्याच वेळी हेही मानले पाहिजे की दोन तासांचा प्रयत्न करून पाहणे हा वेगळ्या हेतूचा निर्णय होता. विक्रम मोडण्यासाठी २:५३ पुरेसे होते. दोन तासांच्या आत येण्यासाठी २:५० ला पर्यायच नव्हता, आणि ३७ व्या वर्षी असा दिवस पुन्हा मिळेल याची खात्री कोणालाच नसते. बेत आणि हेतू शर्यत चालू असतानाच बदलले, त्यामुळे एकाच आकड्याने दोघांना मोजता येत नाही. प्रशिक्षक म्हणून मी असा बदल कोणाला सुचवणार नाही. धावपटू म्हणून मला तो समजतो.

पुढे जे घडले त्याने या प्रकरणाला आणखी एक पदर मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये किपचोगे बोस्टनला धावला. तिथे पेसर नसतात, सुरुवातीला मोठा उतार आहे आणि न्यूटन या भागातले चढ उत्तरार्धात येतात. तो सुरुवातीपासून पुढे राहिला, तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास त्या चढांवर मागे पडला आणि २:०९:२३ मध्ये सहावा आला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला तो पुन्हा बर्लिनमध्ये उतरला आणि २:०२:४२ मध्ये जिंकला. या वेळीही पूर्वार्ध साडेसाठ मिनिटांच्या आत, उत्तरार्ध ६२ मिनिटांच्या पुढे.

दोनच आठवड्यांनी, ८ ऑक्टोबर २०२३ रोजी, शिकागोमध्ये केनियाच्याच २३ वर्षांच्या केल्विन किप्टमने २:००:३५ अशी वेळ देऊन बर्लिनचा विक्रम ३४ सेकंदांनी मोडला. त्याचा पहिला अर्धा ६०:४८ होता, म्हणजे किपचोगेने २०२२ मध्ये आखून सोडून दिलेल्या बेतातलाच. दुसरा अर्धा ५९:४७. बर्लिनमध्ये ३० ते ४० हे दहा किलोमीटर किपचोगेने २९:१३ मध्ये कापले होते. शिकागोमध्ये किप्टमने ते २७:५२ मध्ये कापले. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉटरडॅमला तो दोन तासांच्या आतला प्रयत्न करणार होता. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी केनियात झालेल्या मोटार अपघातात तो आणि त्याचे प्रशिक्षक दोघेही गेले, आणि ६०:४८ नंतर त्याचे पाय आणखी किती देऊ शकले असते हे पाहायचे राहून गेले.